नईम साहेबांची रुईची पेटी

नईम साहेब खुर्चीला पूर्ण टेकून बसलेले मी कधी पाहिले नाहीत. बसले तरी काठावर, एक पाय दाराकडे वळलेला. चहा उभ्याने घ्यायचे. डबा खिडकीच्या फरशीवर उघडा ठेवून एक घास खायचे, मग खोलीत एक चक्कर मारायचे, मग दुसरा घास. खिशात किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा की साहेब वर आहेत की खाली, हे आम्हाला कानानेच समजे. आमचे मोठे साहेब एकदा म्हणाले, "नईम, तुझ्या गळ्यात घंटा बांधायची गरजच नाही."

"घंटा फिरत्या बैलाच्याच गळ्यात बांधतात, सर," नईम साहेब म्हणाले. "बसलेल्याले कायले पायजे?"

मोठे साहेब दिवसभर बसूनच असायचे. अख्खा विभाग तोंडाला रुमाल लावून हसला.

पण हाच माणूस दोन नळ्यांच्या त्या सूक्ष्मदर्शकावर डोळा ठेवला की दगड व्हायचा. किल्ल्या गप्प, पाय गप्प. तळ्यात उभा असलेला बगळा पाहा कसा दिसतो, तसा. एकदा त्यांच्या कानाला माशी बसली होती. मी मोजत राहिले, आता उडवतील, मग उडवतील. माशीच कंटाळून गेली.

मी कोण, तेही सांगून टाकते. अमरावतीला पोलीस तपासाच्या प्रयोगशाळेत, गोळ्या-बंदुकांच्या विभागात मी परिचर होते. माझे यजमान तिथेच शिपाई. ते गेले आणि त्यांच्या जागेवर अनुकंपा म्हणून मला घेतलं. माझं शिक्षण सातवी, नांदगाव खंडेश्वरच्या शाळेत. इंग्रजी अक्षरं मी पाकिटांवरची लेबलं पाहून पाहून शिकले. मोठे साहेब मला 'वच्छलाबाई' म्हणत. नईम साहेब पहिल्या दिवसापासून 'आपा', म्हणजे थोरली बहीण. ते माझ्याहून चार वर्षांनी मोठे होते, तरी आपा. मी एकदा तसं म्हणून पाहिलं तर म्हणाले, "वय कोण पाह्यते? तुमी रागावता, म्हणून आपा."

साहेब अकोल्याचे. त्यांच्या अब्बांचं जठारपेठेत घड्याळदुरुस्तीचं इवलंसं दुकान होतं, एका माणसाने बसावं आणि दुसऱ्याने रस्त्यावर उभं राहावं एवढं. डोळ्याला लावायचं ते काळं भिंग अब्बांकडून त्यांच्याकडे आलं आणि ते त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम. अमरावतीत सरकारी खोली मिळत होती, ती घेतली नाही. रोज अकोला ते अमरावती एसटीने येणं, रोज परत जाणं. कोणी विचारलं, साहेब इतका त्रास कशाला, तर म्हणत, "गाडीत बसलो की वाटते काही तरी होऊन राह्यलं. घरी बसलो की वाटते काही राहून गेलं."

त्यांचं काम काय, ते नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. दिवाळीला आपण सोऱ्याने शेव पाडतो. चकतीच्या भोकाला एखादा बारीक दाता असला की त्या भोकातून पडणाऱ्या प्रत्येक शेवेवर लांबच लांब रेघ येते. चकती बदलली की रेघ बदलते. पिस्तुलाच्या नळीचं तसंच. आत गोल फिरत गेलेल्या खाचा असतात, आणि प्रत्येक नळीचे आपले आपले बारीक दाते. गोळी त्यातून गेली की तिच्या अंगावर रेघा उमटतात. अंगातून काढलेली गोळी एका बाजूला ठेवायची, त्या पिस्तुलातून आपण स्वतः झाडलेली गोळी दुसऱ्या बाजूला, आणि रेघेला रेघ मिळते का पाहायचं.

आता आपण झाडलेली गोळी न चेपता, न घासता परत मिळायला पाहिजे. त्यासाठी आमच्याकडे पेटी होती. माणूस आडवा झोपेल एवढी लांब, लोखंडी, आणि आत सरकी काढलेली रुई गच्च भरलेली. एका टोकाला भोक. तिथून साहेब गोळी झाडायचे. गोळी रुई अंगाला गुंडाळत गुंडाळत मधे कुठेतरी थांबायची. मग झाकण उघडून शोधायचं काम माझं. चिमटा लावायचा नाही, नख लावायचं नाही. रुईचा पीळ उलगडत जायचा, समईची वात सोडवावी तसा, आणि आत ती शिशाची गोळी. साहेब म्हणायचे, "आपा, बाळंतपण तुमच्याच हातचं चांगलं."

रुई भरायच्या आधी साहेब एक मूठ हातात घेऊन चोळायचे, पांढऱ्या कागदावर झटकायचे, भिंग लावून कागद पाहायचे. मग मान हलवायचे. "साफ हाय. भरा." दर वेळी. मला ते नमाजासारखंच वाटायचं, चुकायचं नाही.

दुसरी सवय नावांची. पोलिसांकडून लाखेचं सील लावलेली पाकिटं यायची, त्यावर गुन्हा, गाव, आरोपीचं नाव. साहेबांनी मला सांगून ठेवलं होतं, की रजिस्टरात नोंद झाली की नावावर कागद चिकटवायचा आणि वर नुसतं अ, ब, क लिहायचं. यादी माझ्या ड्रॉवरमध्ये कुलपात. "मले नाव सांगू नका. अहवालावर सही झाल्यावर सांगा."

मी एकदा बसस्टँडवर त्यांना कारण विचारलं. किल्ल्या वाजत होत्या, त्या थांबल्या.

"नोकरीत नवा होतो. एका गुंडाची केस आली. सारं शहर त्याले भीत होतं, सारं शहर म्हणे त्यानंच मारलं. म्या पाकिटावर नाव वाचलं. मग सूक्ष्मदर्शकात पाह्यलं तं मले रेघा मिळाल्याच. मिळायच्याच होत्या न. वरच्या प्रयोगशाळेनं पुन्हा पाह्यलं, नाही मिळाल्या. तोवर तो दोन पावसाळे आत होता."

"पण गुंडच होता न साहेब?"

"गुंड होता. पण त्या दिवशी त्यानं नव्हतं मारलं." आणि गाडी लागली नसतानाच फलाटाच्या दुसऱ्या टोकाला निघून गेले.

ती वर्षं कशी होती, वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. आमच्या प्रयोगशाळेत बंदुका तेवढ्याच येत होत्या, पण पलीकडे विषाच्या विभागात औषध पिऊन गेलेल्या शेतकऱ्यांच्या बरण्या मावत नव्हत्या. व्हरांड्यात मांडण्या लावल्या, त्याही भरल्या. प्रत्येक बरणीवर गावाचं नाव, ओळखीची गावं. नईम साहेब त्या व्हरांड्यातून जायचेच नाहीत. बाहेरच्या लोखंडी जिन्याने, उन्हातान्हात, फेरा मारून वर यायचे.

अशात यंत्र आलं. विकत घेतलेलं नव्हतं, काही महिने वापरून पाहा म्हणून आलं होतं. गोळी एका काडीवर बसवायची, ती हळूहळू फिरे आणि कॅमेरा फोटो काढत जाई. संत्र्याची साल न तुटता सोलावी तसा गोळीच्या अख्ख्या अंगाचा पट्टा पडद्यावर उलगडे. मग यंत्र आपल्या पोटातल्या सगळ्या पट्ट्यांशी तो ताडून पाही आणि यादी देई, पहिली, दुसरी, तिसरी, आणि प्रत्येकीसमोर गुण. ज्या कामाला आम्हाला आठवडा लागे, ते चहा होईपर्यंत होई.

यंत्रासोबत पुण्याची एक इंजिनिअर मुलगी आली होती, केतकी. गुणी पोर. पहिले आठ दिवस तिला वाटलं आम्ही सगळे आपसात भांडतो आहोत. मला हळूच विचारते, "मावशी, सर माझ्यावर चिडलेत का?"

"नाही वो. विचारून राह्यले, जेवली का म्हणून."

मला वाटलं होतं साहेब यंत्रावर डाफरतील. तसं काही नाही. नवीन जावयाला पाहावं तसं चारही बाजूंनी फिरून पाहिलं आणि नाव ठेवलं 'पाव्हणा'. सकाळी आले की किल्ल्या वाजवत पहिला प्रश्न, "काय केतकीबाई, पाव्हणा काय म्हंते?" यादी पाहून मात्र सूक्ष्मदर्शकाकडेच जायचे. केतकी म्हणे, "सर, स्कोअर दिलाय ना त्याने."

"त्यानं सांगतलं कोणाच्या घरी जायचं. दार आपल्याले वाजवा लागते."

मग अकोटची केस आली.

अकोटला एका जिनिंगवर, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीवर, कापसाच्या बैलबंड्यांची रांग लागली होती. चार-चार दिवस माप होत नव्हतं, भाव रोज उतरत होता. फाटकावर लोटालोटी झाली आणि त्या गर्दीत एक गोळी सुटली. जिनिंगचाच एक हमाल मधे होता. मांडीत गोळी लागून रक्त वाहून गेला बिचारा. त्या वेळी फाटकावर पिस्तुलं दोन होती. एक मालकाचं, एक चौकीदाराचं. दोन्ही परवान्याची, एकाच कारखान्याची, एकाच मापाची. मालकाने सांगितलं, चौकीदाराने झाडली. चौकीदार म्हणाला, माझं पिस्तूल म्यानातून निघालंच नाही. दोन्ही पिस्तुलांना तेलपाणी करून कोणीतरी स्वच्छ केलेलं होतं. चौकीदार आत गेला.

मी कागद चिकटवले. मालकाचं अ, चौकीदाराचं ब.

केस आली त्याच आठवड्यापासून एक बाई समोरच्या कडुनिंबाखाली येऊन बसू लागली. सकाळच्या गाडीने अकोटहून यायची, संध्याकाळी जायची. कपाळावर कुंकू, मांडीवर पिशवी. मी पाणी दिलं तेव्हा तिने विचारलं, "बाई, अकोटची पिस्तुलं इथंच आहेत न? माहे घरधनी आत आहेत. भेटीले गेली तं म्हंतेत, मले नोको विचारू, त्या पिस्तुलाले विचार. म्हणून आली."

तिचं नाव रेणुका. आम्हाला नियम कडक, केसच्या माणसाशी बोलायचं नाही. मी पेला घेऊन आत आले. साहेबांनी खिडकीतून विचारलं, "आपा, थे बाई कोण हाय?" आणि लगेच हात वर केला. "नको. नका सांगू." त्या दिवसापासून ते फाटकाने यायचे बंद झाले. मागच्या भिंतीला एक तुटकी जागा होती, तिथून वाकून आत यायचे. पन्नाशी उलटलेला अधिकारी, कोटाला काटे लागलेले.

सोमवारी ब पिस्तुलाच्या तीन गोळ्या पेटीत झाडल्या. नंतर मी पाहिलं तर पेटीतली रुई जळून, गोळे होऊन अगदी कामातून गेली होती. नव्या रुईची मागणी लिहून महिने झाले होते, आली नव्हती. शुक्रवारी अ झाडायचं होतं. आणि मी काय केलं, ते आता सांगते. इतकी वर्षं झाली तरी लिहिताना हात थांबतो.

मी नांदगावला भावाकडे गेले. भावाच्या घरात कापूस आढ्याला लागला होता. भाव नाही म्हणून विकला नव्हता. माणसं कापसावरच झोपत होती, पोरांच्या अंगाला खाज सुटली होती. त्या ढिगातला चांगला कापूस मागायला माझी जीभ रेटेना. कोपऱ्यात फरदडीचा पडला होता, शेवटच्या वेचणीचा, अवकाळी पावसाने खाली पडलेला, जमिनीवरून उचललेला. मी म्हटलं, हा देतोस का. भाऊ म्हणाला, ने, असाही कोणी घेत नाही. तीन दिवस बसून मी हाताने सरकी काढली, पिंजला, चांगला पांढरा दिसू लागला. मला वाटलं, वा, सरकारचं काम अडू दिलं नाही.

शुक्रवारी साहेब अकोल्याला कोर्टात साक्षीला गेले होते, दुपारी धावत आले. मोठे साहेब दारातच उभे. "नईम, आटप. सोमवारी मुंबईहून माणसं येताहेत यंत्र पाहायला. ही केस दाखवायची आहे." साहेबांनी घाईत पिस्तूल घेतलं आणि झाडलं. मूठभर रुई चोळून कागदावर झटकायची ती सवय, ती त्या एका दिवशी राहिली.

यंत्राने यादी दिली. हमालाच्या मांडीतल्या गोळीशी सगळ्यात वर ब. दुसऱ्या नंबरला पुन्हा ब. अ फार खाली.

केतकी टाळ्या वाजवत उठली. "सर, बघा ना किती क्लिअर आहे!" मोठे साहेब म्हणाले, "झालं. अहवाल लिही."

मी टेबल पुसत होते. माझ्या हातातला फडका तिथेच राहिला. या सगळ्यांत ब म्हणजे कोण, हे फक्त मला माहीत होतं. खिडकीतून कडुनिंब दिसत होता. ती बाई पिशवीतून भाकर काढून खात होती.

नईम साहेब सूक्ष्मदर्शकावर बसले. बराच वेळ. उठले आणि चकरा सुरू. खिडकी, दार, खिडकी.

"मिळतात की नाही?" मोठे साहेब.

"चेहरा मिळते, सर. पण चुलत भावाचा मिळते तसा. एकाच कारखान्याच्या आहेत, तेवढं मिळणारच."

"यंत्र सांगतंय ना?"

"यंत्र म्हंते, या दोघांत हा जवळचा. हाच तो, असं कुठी म्हंते थे?"

मोठे साहेब दार आपटून गेले. केतकी रडवेली झाली. आणि साहेबांनी असं काही केलं जे कोणी केलं नव्हतं. हमालाची गोळी बाजूला ठेवली आणि अ पिस्तुलाच्या तीन गोळ्या एकमेकींशीच लावून पाहायला लागले. पहिली दुसरीशी, दुसरी तिसरीशी. मग केतकीला म्हणाले, "पाव्हण्याले विचारा, या तिघी सख्ख्या बहिणी आहेत का?"

तिने विचारलं. यंत्राने तिघींना एकमेकींसमोर अगदीच कमी गुण दिले.

"बॅरल खराब असेल, सर."

"नळी म्या पाह्यली. चांगली हाय. एका नळीतून आता निघाल्या आणि एकमेकीले वळखत नाहीत?" किल्ल्या जोरजोरात वाजू लागल्या. "या तिघींले नळीतून निघाल्यावर कोणी तरी ओरबाडलं."

आणि खिशातून अब्बांचं भिंग काढलं. एकेक गोळी नखाच्या अंतरावर धरून फिरवली. तिसऱ्या गोळीच्या टोकाशी थांबले. सुईने टोचून काहीतरी काढलं आणि पांढऱ्या कागदावर ठेवलं. तिळाच्याही कितीतरी पटीने बारीक, काळा कण. त्यावर थेंबभर पाणी सोडलं. कण विरघळून काळा डाग पसरला.

साहेब त्या डागाकडे पाहत राहिले. आमची काळी माती ओळखायला काय वेळ लागतो?

तसेच पेटीकडे गेले, झाकण उघडलं, मूठभर कापूस काढून कागदावर झटकला. कागद चुलीवर धरावा तसा काळपट झाला.

"आपा. हा कापूस कुठचा?"

माझ्या तोंडून सगळंच बाहेर पडलं. भावाचं घर, फरदड, तीन दिवस सरकी काढणं, सगळं. मला वाटलं आता नोकरी गेली. नोकरीचं सोडा, मी खिडकीकडे पाहून म्हणाले, "साहेब, माह्यामुळं..." पुढचं बोलणार तोच त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. "नाव नाही. अजून नाही."

मग खुर्ची ओढली, आपली स्वतःची, आणि मला बसवलं. "पाहा."

मी बावीस वर्षं तो सूक्ष्मदर्शक पुसला होता, डोळा कधी लावला नव्हता. आत दोन गोळ्यांचं अर्धं अर्धं अंग, मधे बारीक रेघ. खाली नांगरटीच्या तासांसारख्या सरळ रेघा आणि त्यांच्यावरून आडवेतिडवे ओरखडे, कोणी वखर उलटा ओढत नेल्यासारखे.

"आडवे दिसते का? थे तुमच्या भावाच्या वावरातलं. खालचं सरळ, थे नळीचं." मग हळू म्हणाले, "चूक तुमची नाही. तुमी भरलं, तपासायचं माह्यं होतं. एक मूठ चोळायची होती, लेकाची एक मूठ."

सोमवारी मुंबईहून माणसं आली, तेव्हा नईम साहेब जागेवर नव्हते. ते अकोल्याला एका पिंजाऱ्याच्या दुकानात होते. पिंजारी त्यांच्या अब्बांचा दोस्त. स्वच्छ रुई तीनदा पिंजून घेतली, दर वेळी कागदावर झटकून. आणि ते एवढं मोठं गाठोडं मांडीवर घेऊन एसटीने अमरावतीला आले. कंडक्टर म्हणाला, "चाचा, गाठोडं टपावर टाका."

"टपावर धूळ असते."

"मग त्याले काय झालं? कापूसच तं हाय."

"बावा, याच्यात माणूस ठेवायचा हाय." कंडक्टर घाबरून पुढे निघून गेला. हे मला त्यांनी स्वतः सांगितलं, चेहऱ्यावर हसू न आणता.

पुन्हा तीन आणि तीन गोळ्या झाडल्या, दोन्ही पिस्तुलांच्या. मी उलगडल्या. या वेळी 'अ'च्या तिन्ही गोळ्यांनी एकमेकींना ओळखलं. केतकीने हमालाची गोळी लावली. पडद्यावर यादी आली. सगळ्यात वर अ.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. साहेब सूक्ष्मदर्शकावर गेले आणि बगळा झाले. मी घड्याळ पाहिलं नाही, पण चहा थंड झाला, त्यावर साय आली. मग म्हणाले, "केतकीबाई, या." तिने पाहिलं. "आपा, या." मीही पाहिलं. मधली बारीक रेघ होती की नव्हती कळतच नव्हतं. या बाजूची प्रत्येक ओळ त्या बाजूला जशीच्या तशी चालत गेली होती.

अहवालावर सही केली, पेन खिशात ठेवलं आणि मग विचारलं, "हं, आता सांगा. थे निंबाखालची बाई कोणाची?"

"'ब'ची, साहेब."

त्यांनी तोंडावरून दोन्ही हात फिरवले, दुआ मागून झाल्यावर फिरवतात तसे. तरी फाटकाने मात्र गेले नाहीत. भिंतीच्या तुटक्या जागेतूनच गेले.

भांडण त्यानंतर झालं. साहेबांनी अहवालात सगळं लिहिलं होतं. पहिल्यांदा कापूस मळका होता, तो तपासायची जबाबदारी त्यांची स्वतःची होती, त्या वेळी यंत्राने ब वर दाखवलं, मग रुई बदलली. मोठे साहेब व्हरांड्यात ऐकू येईल एवढं ओरडले. "पहिला निकाल कशाला लिहितोस? शेवटचा बरोबर आहे ना? ते पान काढ. वकील तुला सोलून काढेल."

"मंग सोलू द्या."

"अरे खरा गुन्हेगार सुटेल त्या पानाने!"

नईम साहेबांनी ते पान तसंच राहू दिलं आणि अहवाल पाकिटात घातला. मोठ्या साहेबांचं म्हणणं खरं होतं आणि त्यांनाही ते माहीत होतं.

कोर्टात मुद्देमालाची पेटी घेऊन मी सोबत गेले होते. अहवालावरून आता मालकही आरोपी होता, आणि त्याचा वकील मोठा होता. त्याने तेच पान वर धरलं. "म्हणजे पहिल्यांदा एक माणूस दोषी, कापूस बदलला की दुसरा. उद्या तिसरा कापूस आणला तर मी दोषी का?" कोर्ट हसलं. साहेब साक्षीच्या पिंजऱ्यात उभे, हात कठड्यावर. त्यांनी समजावून सांगितलं, माती, रेघा, सख्ख्या बहिणी, सगळं. नीट सांगितलं. पण ते हसू खोलीत राहून गेलं होतं.

चौकीदार सुटला. मालकाविरुद्ध दुसरा कोणी साक्षीदारही टिकला नाही, आणि मालकही संशयाचा फायदा मिळून सुटला. हमालाच्या माणसांच्या हाती काही आलं नाही. त्याची म्हातारी आई कोर्टाच्या पायरीवर बसली होती, तिला कोणी सांगितलंही नव्हतं काय झालं ते.

साहेब तिच्याजवळ जाऊन उकिडवे बसले आणि सांगितलं. काय शब्दांत, ते मला ऐकू आलं नाही. तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग मान वळवली. परत बसस्टँडकडे चालताना किल्ल्या वाजत नव्हत्या. मी वळून पाहिलं तर जुडगा त्यांनी मुठीत घट्ट धरून ठेवला होता.

"आपा, थे पान काढलं असतं तं?"

त्या पानाच्या मुळाशी माझाच कापूस.

"या येळी काढलं असतं तं बरोबर माणूस सापडला असता," ते स्वतःच म्हणाले. "आन् मंग पुढच्या येळी सवय लागली असती." दहा पावलं गेल्यावर पुन्हा म्हणाले, "तरी झोप येणार नाही." आणि मला वाटतं, ती त्यांना पुढे कधी नीट आलीच नाही.

पुढच्या मंगळवारी रेणुका आली, नवऱ्याला घेऊन. मोठा उंच माणूस, पण सगळ्यांना वाकून नमस्कार करत होता, झाडूवाल्यालाही. साहेब मागच्या भिंतीतून पसार. दोघं संध्याकाळपर्यंत कडुनिंबाखाली थांबली. शेवटी तिने पिशवीतून एक डबा काढून माझ्या हातात दिला. "ज्यानं पाह्यलं, त्याले द्या." आत तिळाचे लाडू होते. नियमाने घेता येत नव्हते. मी परत केले, माझ्या हाताने. आजही ते मला नीट वाटत नाही.

साहेब निवृत्त झाले, काही वर्षांनी मीही झाले. नंतर भेट नाही. मग एका हिवाळ्यात मी भाचीच्या घरी अकोटला चालले होते. अकोल्याच्या बसस्टँडवर गाडी सुटायला आली होती, मी खिडकीशी. फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला बाभळीचं झाड, कापसाचे ट्रक जाऊन जाऊन त्याच्या काट्यांना पांढरे पुंजके अडकलेले. तिथे एक पांढरी दाढीवाला माणूस चकरा मारत होता. चार पावलं इकडे, चार तिकडे. किल्ल्यांचा आवाज मला काचेतून ऐकू आला, की मला वाटलं, कोण जाणे.

मी खिडकी सरकवून हाक मारली, "साहेब! नईम साहेब!" गाडी चालू झाली होती, इंजिनाच्या आवाजात हाक गेली.

त्यांनी हात वर करून काट्यातला एक पुंजका अलगद सोडवला, चिमटा न लावता, नख न लावता. मुठीत चोळला. खिशातून कसलासा कागद काढून त्यावर झटकला. मग भिंग डोळ्याला लावलं.

गाडी वळेपर्यंत मी मान बाहेर काढून पाहत होते. रस्त्यावर ट्रक, ऑटो, सायकली, माणसं, सगळं हलत होतं. तेवढा एक माणूस कागदावर वाकून उभा होता, अजिबात न हलता.